चष्मेवाल्यांची काळी

“साडूबुवा, लागली! अहो, लगडलीय नुसती!”

चष्मेवाले फोनवर इतक्या जोरात ओरडले की कवळीवाल्यांनी फोन कानापासून लांब धरला. दुसऱ्या हातातली कुणाची तरी खालची कवळी त्यांनी जपून टेबलावर ठेवली. आयुष्यभर लोकांचे दात घासून, कानस मारून, रंग जुळवून दिल्यामुळे हाताला घाई अशी ठाऊकच नव्हती.

“काय लागलंय?” त्यांनी विचारलं. काय लागलंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“तुती हो! तुमचं ते लांब जातीचं कलम! बोटाबोटाएवढं लोंबतंय. अजून हिरवं आहे, पण घोस बघा तर खरे. फांदी दिसत नाही.”

“अरे वा.”

“अरे वा काय? रविवारी या. मंडळाची सगळी माणसं बोलावलीत. तोवर पिकायला लागेल.”

“पिकेल ना,” कवळीवाले म्हणाले. “दम धरा.”

फोन ठेवून त्यांनी कवळी पुन्हा हातात घेतली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते मनमोकळे हसले. समोर फळीवर मांडलेल्या प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगाही हसतच होत्या, पण त्या बाराही महिने हसत.

चष्मेवाल्यांच्या झाडाला जे लोंबत होतं ते फळ नव्हतं. ते नर झाडाचे तुरे होते. नर तुतीला तुरे येतात, त्यातून पिवळी धूळ उडते, मग ते गळून पडतात, आणि झाड पुन्हा वर्षभर नुसतं पानं हलवत उभं राहतं. कवळीवाल्यांनी साडूला नर दिला होता. चुकून नव्हे. चांगला विचार करून, धारदार सुरीनं, ओल्या कापडात गुंडाळून दिला होता.

कवळीवाल्यांच्या घरामागे एक परस होतं आणि त्यात तुतीशिवाय काही नव्हतं. हा छंद त्यांचा आणि बायकोचा मिळून. एक पांढरी होती, गोड, पण गोडाखेरीज तिला काही सांगायचं नव्हतं. एक लांब होती, दिसायला देखणी, खाल्ल्यावर थोड्या वेळानं विसरायला होणारी. एक काळी, रोपवाटिकेतून आणलेली, कपड्यांची कायमची वैरीण. एक नर होता. तो ‘लांब’ म्हणूनच विकत घेतला होता. पहिल्यांदा तुरे आले तेव्हा बायको पोट धरधरून हसली होती. “नवराच निघाला की हो हा! राहू दे. सावली तरी देईल. तुमच्यासारखा.”

आणि एक उनाड.

उनाड कुणी लावली नव्हती. धुण्याच्या दगडापाशी, मोरीच्या कडेला ती आपली आपण उगवली. कवळीवाले उपटायला गेले तर बायकोनं हात धरला. “राहू दे, बघू काय म्हणते.” काही वर्षांनी ती म्हणाली. फळं बारकी, वाकडी, जांभळट काळी, एकसारखी दोन सापडणार नाहीत. तोंडात टाकली की आधी आंबट, मग अशी गोड की माणूस चावायचा थांबे. “आधी भांडते, मग बोलते,” बायको म्हणायची. हंगामात दोघं वाट्यांमध्ये एकेका झाडाची फळं घेऊन पायरीवर बसत आणि डोळे मिटून चव घेत. कवळीवाले धंद्याच्या सवयीनं कुठल्या जातीचं बी दाताखाली अडकतं यावर बोलत. बायको म्हणे, “तुम्ही फळ खाता की तपासता?” शेवटी निकाल ठरलेला असे. उनाड पहिली.

मग बायको आजारी पडली. इस्पितळात ती होती आणि तिच्या उशाशी कवळीवाले. परसाला पाणी घालायची जबाबदारी चष्मेवाल्यांनी आपणहून घेतली. बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, घरचेच. किल्ली दिली. पाणी त्यांनी खरंच घातलं. ते तसे प्रामाणिक गृहस्थ होते. पण एवढं सगळं करायचं तर मोबदल्यात काहीतरी घ्यावं, असं त्यांच्या प्रामाणिकपणालाच वाटलं असावं.

बायको गेली. पुढे काही वर्षांनी परसबाग मंडळाच्या फळांच्या बैठकीत चष्मेवाल्यांनी एक बशी मांडली. शेजारी पुठ्ठ्यावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं, ‘चष्मेवाल्यांची काळी. स्वतःची निवड.’ कवळीवाल्यांनी एक फळ तोंडात टाकलं. ते आधी भांडलं, मग बोललं.

“कुठून आणलीत?” त्यांनी विचारलं.

“आणायची कशाला? निरीक्षण हो, साडूबुवा! नजर पाहिजे.” चष्मेवाल्यांनी चष्मा नाकावर सारला. “तुमच्या त्या उनाडशी जराशी मिळतीजुळती आहे म्हणा. पण हिची जातच निराळी.”

बशीला पहिला करंडक मिळाला. कवळीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, अभिनंदन केलं, चहा घेतला आणि घरी येऊन उनाडच्या बुंध्याशी बसले. त्या दिवसापासून त्यांनी उनाडची काडी कुणाला दिली नाही. मागायला येणाऱ्यांना दारातून वाटेला लावलं. छाटलेल्या फांद्या कचऱ्यात टाकायचं सोडून जाळायला लागले. स्वतःसाठीही दुसरं रोप केलं नाही. एकच असू दे. चोराकडची दुसरी होती, तिचा बंदोबस्त करायचा होता.

बंदोबस्ताची संधी चष्मेवाल्यांनीच आणून दिली. पुढे एका वर्षी करंडक दुसऱ्याच कुणाच्या लांब तुतीला गेला. परीक्षकांनी फळं पट्टीनं मोजली होती. चष्मेवाले हवालदिल झाले.

“माझ्याकडे जागा कुठाय, साडूबुवा? एक झाड मावतंय कसंबसं.”

“जागा कशाला हवी? आहे त्याच खोडावर लांब जातीचं कलम बांधू. मुळं तयार आहेत, झपाट्यानं वाढेल.”

“पण माझी काळी जाईल की हो.”

“जाईना का. उनाड आहे ना माझ्याकडे, तुमच्या काळीशी मिळतीजुळती,” कवळीवाले निर्विकारपणे म्हणाले. “कधी लागली तर घरचंच झाड आहे.”

त्यांनी स्वतः करवत चालवली. चोरीच्या झाडाचं डोकं कमरेएवढ्या उंचीवर उडवलं, खोडात पाचर मारून नराच्या काड्या बसवल्या आणि वर पट्टी घट्ट गुंडाळली. मग ताकीद दिली, “आता एवढंच सांभाळा. पट्टीच्या खाली, मूळ खोडावर कोंब फुटतील. दिसला की खुडायचा. एकही ठेवायचा नाही. तो वाढला की वरचं कलम उपाशी मरतं.”

“दिसला की खुडला!” चष्मेवाले म्हणाले. आणि माणूस शब्दाला पक्का. सकाळी दात घासत घासत ते खोडाभोवती फेरी मारायचे आणि उनाडचा एकेक कोंब अंगठ्यानं चिरडायचे. कवळीवाल्यांना हे ऐकून त्या काळात झोप फार छान लागे.

रविवारी मंडळ जमलं. चष्मेवाल्यांनी अंगणात सतरंजी घातली होती, बशा मांडल्या होत्या, पुठ्ठाही तयार होता, ‘चष्मेवाल्यांची लांब’. पाहुण्यांत मंडळाचे अध्यक्ष होते, एक निवृत्त गुरांचे डॉक्टर.

“या, या! हात लावून बघा,” चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी फांदी हलवली.

पिवळा धुरळा उठला. अध्यक्षांना शिंका सुरू झाल्या, त्यांच्या पत्नीला लागल्या, मग सगळ्या सतरंजीलाच लागल्या. तुरे अळ्यांसारखे बशांत टपटपले.

“अहो, हा नर आहे!” अध्यक्ष रुमालातून म्हणाले. “माझं आयुष्य यातच गेलं, मला विचारा! याला जन्मात फळ यायचं नाही.”

“चष्मा बदला, चष्मेवाले!” मागून कुणीतरी ओरडलं आणि शिंकणारेही हसले.

चष्मेवाल्यांनी साडूकडे पाहिलं. चेहरा पडला होता, केसांवर पिवळी भुकटी.

“रोपवाटिकेनं फसवलं हो मला,” कवळीवाले म्हणाले. “तुमच्यापर्यंत आलं ते. वाईट वाटतं.” आणि त्यांनी आणखी एक कप चहा मागून घेतला.

ते तरंगतच घरी आले. ही बातमी सांगायला माणूस एकच होतं आणि ते नव्हतं, म्हणून ते मागच्या दारानं सरळ उनाडकडे गेले. परसातल्या बाकी झाडांना पानं येऊन बरेच दिवस झाले होते. उनाड अजून उघडी होती. तिला उशीर व्हायचाच, असं ते थंडी संपल्यापासून स्वतःला सांगत आले होते.

“झालं तुझं काम,” ते म्हणाले आणि लाडानं एक डहाळी वाकवली. ती कटकन मोडली.

त्यांनी नखानं साल खरवडली. आत हिरवं असतं, ते तपकिरी होतं. खालची फांदी खरवडली, तपकिरी. खोड खरवडलं. बुंध्याशी तर साल हाताबरोबर सुटून आली आणि तिच्याखाली पांढरी, ओली बुरशी पसरलेली दिसली. राखण करायची म्हणून, लाड करायचे म्हणून, त्यांनी दोन वर्षं घरातलं सगळं सांडपाणी तिच्याच मुळाशी सोडलं होतं. तिला त्यांनी बुडवून मारलं होतं.

काड्या लावून पाहिल्या. कुंडीत, वाळूत, ओल्या पोत्यात. मेल्या झाडाच्या काड्या, सगळ्या काळ्या पडल्या. एखादी काडी कुणाला दिली असती तर आज मागून आणता आली असती. हा विचार आला तेव्हा ते एका आजीबाईंच्या कवळीला कानस मारत होते. दात नको इतका झिजला आणि सगळी कवळी नव्यानं करावी लागली.

मग दुसरा विचार आला. ते कानस टाकून उठले.

चष्मेवाल्यांच्या अंगणात कुऱ्हाड भिंतीला टेकवलेली होती. भर दुपार होती.

“उद्या माणूस येतोय,” चष्मेवाले म्हणाले. “मुळासकट काढून टाकणार. गावभर हसं झालं माझं.”

“थांबा जरा,” कवळीवाले म्हणाले. ते खोडापाशी उकिडवे बसले आणि पट्टीच्या खालची साल बोटांनी चाचपत फिरले. सगळीकडे चिरडलेल्या कोंबांच्या वाळक्या खपल्या. चष्मेवाल्यांनी काम चोख केलं होतं. फक्त मागच्या बाजूला, नळाचा पाइप खोडाला घासून गेला होता तिथं, पाइपाआड एक कोंब राहिला होता. करंगळीएवढा, दोन पानांचा.

“अरेच्चा, हा कसा चुकला!” चष्मेवाल्यांनी हात पुढे केला.

कवळीवाल्यांनी त्यांचं मनगट धरलं. इतकं घट्ट की दोघंही चमकले.

“हा नका खुडू. वरचं काढून टाका, हा राहू दे.”

“का?”

“माझी उनाड गेली.”

आतून मेहुणी, धाकटी, दारात आली होती. तिचा हात तोंडावर गेला. “ताईची?”

चष्मेवाल्यांची नजर कोंबावरून साडूकडे गेली. चोवीस तास लोकांच्या डोळ्यांत बघणाऱ्या माणसाला काही गोष्टी उशिरा दिसतात, पण एकदा दिसल्या की सगळ्या एकदम दिसतात.

“तुमच्याकडच्या त्या नर झाडालाही असेच तुरे येतात,” ते सावकाश म्हणाले. “किती वर्षं बघताय तुम्ही ते. रोपवाटिकेनं फसवलं म्हणे!”

“मी दिला. मुद्दाम.”

“मुद्दाम! भर मंडळात माझं नाक कापलंत!”

“कापलं.”

“आणि आता माझ्या झाडाचा कोंब पाहिजे? माझ्या काळीचा? तिचा आणि तुमच्या उनाडचा काय संबंध?” चष्मेवाल्यांनी मनगट सोडवून घेतलं आणि अंगठा नि बोट त्या दोन पानांच्या दोन्ही बाजूंना अलगद ठेवलं. “सांगा ना. काय संबंध?”

संबंध सांगितला असता तर ती चोरी ठरली असती, आणि चोरी ठरली की ती दोन बोटं मिटली असती. कवळीवाल्यांना हे बोलल्याशिवाय कळलं.

“काही नाही,” ते म्हणाले.

“मग ही जात कुणाची?”

“अहो, पुरे करा,” धाकटी म्हणाली.

“तू थांब. कुणाची, साडूबुवा?”

“तुमची.”

“नाव?”

“चष्मेवाल्यांची काळी.”

“जरा मोठ्यानं. शेजारी डॉक्टर राहतात, मंडळाचे अध्यक्ष. त्यांची खिडकी उघडी आहे.”

कवळीवाले उभे राहिले. घसा खाकरला. “ही चष्मेवाल्यांची काळी आहे,” ते खिडकीकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाले. “त्यांनी स्वतः निवडलेली. सुरुवातीपासून. मी साक्षीदार आहे.”

खिडकीत एक डोकं आलं, थोडं थांबलं आणि आत गेलं. चष्मेवाल्यांनी बोटं काढून घेतली. जिंकल्यावर करण्यासारखं पुढे काय असतं ते त्यांना सुचेना. ते चष्मा काढून पुसत राहिले.

“करवत आहे का?” कवळीवाल्यांनी विचारलं.

धाकटीनं करवत आणून दिली. नराचं डोकं चांगलंच पसरलं होतं, एका बाजूनं चष्मेवाल्यांनी ते धरून ठेवलं, न सांगता. भुसा कवळीवाल्यांच्या गुडघ्यांवर पडत राहिला. फांद्या कडाडून अंगणात आडव्या झाल्या आणि इतका वेळ सावलीत असलेल्या खोडावर एकदम लख्ख ऊन आलं. कोंबाची दोन्ही पानं बघता बघता मलूल झाली.

“टोपली आहे एखादी, झाकायला?”

“माळ्यावर असेल, भावोजी. बघते,” धाकटी म्हणाली आणि घाईनं आत गेली.

आत शिडी ओढल्याचा, डबे सरकवल्याचा आवाज येत होता. कवळीवाले खोडाच्या उन्हाच्या बाजूला सरकले, उकिडवे बसले, आणि आपली सावली त्या दोन पानांवर नीट पडते आहे हे पाहून तसेच हलले नाहीत.