आठव्या मिनिटाला

व्हिएतनाममधल्या नाम दिन्ह शहरातल्या लुआन गुरुजींकडे आज आईचं श्राद्ध होतं. अकराला भावंडं यायची होती. त्याआधी बांबूच्या कोंबांचं सूप आईच्या फोटोपुढे ठेवायचं होतं, आणि इंडक्शन शेगडी दर आठव्या मिनिटाला टीं टीं करून बंद पडत होती. आत फार तापलंय, असं सांगणारा आकडा लुकलुकत होता.

"थोआकडून गॅस आणू?" बायको मिएनने विचारलं.

"मुळीच नको!" गेल्याच महिन्यात गॅसची शेगडी विकून गुरुजींनी शेजारच्या थोआला विजेचे फायदे तासभर ऐकवले होते.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते बघा, असं गुरुजींनी तीस वर्षं विज्ञानाच्या तासाला पोरांच्या डोक्यात भरलं होतं. आता त्यांनी शेगडी उचलली, तिच्याखालचा भरतकामाचा जाड रुमाल घडी करून ठेवला आणि अंगणातल्या टेबलावर शेगडी उघडली. धूळ झटकली, झाकण लावलं, पाणी ठेवलं. पाणी वीस मिनिटं खळखळ उकळलं.

"झालं काम!"

शेगडी पुन्हा ओट्यावर आली, रुमालावर बसली. आठव्या मिनिटाला टीं टीं.

मग भंगारातून आणलेल्या एका जुन्या इंडक्शन शेगडीतला तापमान मोजणारा सेन्सर काढून हिला बसवला. टेबलावर झकास चालली, ओट्यावर टीं टीं.

"ओट्याच्या प्लगमध्येच खोट आहे," गुरुजींनी निकाल दिला.

दहा वाजले. सूपमधलं मांस अजून अर्धं कच्चं होतं.

"मी टेबलावरच शिजवते," मिएन म्हणाली.

"कारण कळल्याशिवाय?"

"सासूबाईंना कारण नकोय हो, सूप हवंय."

ती पातेलं घेऊन निघाली. टेबलाला डाग नको म्हणून गुरुजींनी शेगडीखाली आठवणीने रुमाल अंथरला.

आठव्या मिनिटाला टीं टीं.

"आता टेबलाचाही प्लग बिघडला वाटतं!" मिएन म्हणाली. "अहो, हिचा पंखा हवा कुठून घेतो?"

"खालून," गुरुजी वर्गातल्या आवाजात म्हणाले, आणि त्यांची नजर शेगडीखालच्या रुमालावर गेली.

मिएनने रुमाल ओढून काढला. शेवटच्या वर्गातल्या मुलींनी निरोपाला दिलेला होता तो. त्यावर लाल दोऱ्याने लिहिलं होतं: ‘आम्हाला बघायला शिकवणाऱ्या गुरुजींना.’

अकराला पाच मिनिटं असताना सूप फोटोपुढे गेलं. वाडग्याखाली मिएनने तोच रुमाल अंथरला होता, अक्षरं समोर येतील असा.

गुरुजींनी उदबत्ती लावली, मान खाली घातली आणि बराच वेळ वर केलीच नाही.

"आईवर फार जीव हो त्यांचा," श्राद्धाला आलेली थोआ हळूच म्हणाली.