कुंभाराने माझ्या भिंगातून पाहिले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळेचा, एकाच डोळ्याचा, मानेत जरा वाकलेला. घडवणाऱ्याने माझी भिंगे महिनाभर घासली होती. मग बोटीने मी इजिप्तला आलो आणि नाईलकाठच्या एका चर्चच्या शाळेत राहिलो. पस्तीस वर्षे कांद्याची साल, डासाचे पाय, नदीचे पाणी असे काय काय माझ्याखाली आले. मुले माझ्यासाठी रांगेत भांडत.

एकदा विज्ञानाच्या बाई, अब्ला इरिनी, यांनी कांद्याच्या कोवळ्या मुळाचे टोक रंगवले, काचेवर चेपले आणि माझ्याखाली ठेवले. युस्तीना नावाची मुलगी डोळा लावून बसली ती उठेचना.

"अब्ला, या पेशीत दोऱ्यांचा गुंता आहे! शेजारचीत ते मधोमध रांगेत उभे. हिच्यात निम्मे वर, निम्मे खाली. आणि इथं तर एकीच्या दोन झाल्यात!"

"तूही अशीच वाढलीस, आईच्या पोटात. एका पेशीपासून."

युस्तीनाने हे घरी सांगितले. तिचे वडील बुक्तुर कुंभार होते. दुसऱ्या दिवशी ते मातीच्या हातांनीच शाळेत आले आणि धर्मगुरू अबूना सिदराक यांना गाठून प्रयोगशाळेत घेऊन आले.

"अबूना, देवानं माणूस मातीतून घडवला, हे तुम्हीच शिकवलंत ना? मग ही बाई म्हणते, तो कांद्यासारखा वाढतो! उद्यापासून पोरगी घरी बसेल."

युस्तीनाचे डोळे भरले. अब्लांनी मला खिडकीकडे सरकवले.

"काका, आधी बघा तरी."

बुक्तुर वाकले. त्यांच्या श्वासाने माझी काच धुरकटली. बराच वेळ ते हलले नाहीत.

"मी गोळा तोडला की एक तुकडा लहान, एक मोठा होतो. चाळीस वर्षं झाली, तरी. इथं दोन्हीकडं सारखंच कसं जातंय? मोजतंय कोण?"

अबूनांनी दाढी बाजूला धरून डोळा लावला.

"बुक्तुर, देवानं आदमला केलं आणि हात धुऊन निघून गेला, असं मी कधी म्हणालो? तुला, मला, हिलाही त्यानंच केलं. कसं केलं, ते इथं थोडंसं दिसतंय."

"पण अबूना," युस्तीना म्हणाली, "देव माणसात श्वास फुंकतो ना? मग तो कितव्या पेशीत?"

वडिलांनी डोळे वटारले. अबूना मात्र हसले.

"आपण मानतो, अगदी पहिल्या पेशीपासून. पण दिसला मात्र मला कुठं नाही, पोरी."

बुक्तुर हात झटकत उठले. "उद्या ये शाळेत. पण काय बघितलंस, ते घरी येऊन मला सांगायचं."

"रोज?"

"रोज!"

आता शाळेत पडद्यावर चित्र दाखवणारे यंत्र आले आहे. मी कपाटात असतो. माझ्या एका भिंगावर बुरशी चढली आहे.

मित्रांनो, भिंगाला बोट लावू नका, मऊ कापडाने पुसा. जुना म्हणून कोंडूनही ठेवू नका. गढूळ पाण्याचा एक थेंब घेऊन खिडकीशी या आणि काय दिसते ते मोठ्याने सांगा. मी फक्त दाखवतो. मला स्वतःला कधीच काही दिसलेले नाही.