माझ्या शेपटीला शिवलेलं झबलं

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. वजनाने जड, रंगाने काळपट आणि स्वभावाने तापट. तापणं हेच माझं काम असल्यामुळे त्याबद्दल मला कुणी कधी बोल लावला नाही. पण आज मला सांगायचं आहे ते माझ्या मागे लोंबणाऱ्या वायरबद्दल. तिला मी माझी शेपटी म्हणत असे. या शेपटीने माझ्या जिवाला जो घोर लावला, तो अजून पुरता गेलेला नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझा तळ घासून घासून इतका लखलखीत केला की त्यात तोंड बघावं. पुढे बराच काळ दुकानाच्या फळीवर धूळ खात पडले होते. एके दिवशी एका शिवणकाम करणाऱ्या बाईने मला उचललं, हातात तोललं आणि ती म्हणाली, "हीच द्या. हलक्या इस्त्रीने कॉलर बसत नाही." आयुष्यातलं हे माझं पहिलं कौतुक. मी तापण्याआधीच फुलून गेले.

तिच्या घरची रस्त्याकडची खोली म्हणजेच आमचा कारखाना. खिडकीपाशी शिवणयंत्र, मध्ये कापड बेतायचं लांब टेबल आणि भिंतीला टेकून कपाट. घरात दोघीच. ती शिवायची, आणि तिची थोरली नणंद काजं, बटणं आणि इस्त्री सांभाळायची. नणंदेची हाक "वहिनी", वहिनीची हाक "वन्सं". दिवसभर दोघींचं एकमेकींना चिमटे काढणं चाले, पण चहा एकीने दुसरीशिवाय कधी घेतला नाही. वन्संच्या हातात मी असले की सुरकुतीची काय बिशाद होती! गिऱ्हाइकं घडी हातात घेऊन म्हणत, "वा, नवं कोरं वाटतंय!" वन्सं मान उडवत, आणि श्रेय मात्र मला देत.

एक गोष्ट तेवढी मला खुपायची. माझा प्लग जिथे बसे, त्याचं बटण नेमकं कपाटाच्या मागे होतं. तिथवर पोचायला वन्संना हात वाकडा करून खांद्यापर्यंत आत घालावा लागे. म्हणून त्या बटणाच्या वाटेला जातच नसत. माझ्या मुठीखालची चकती शून्यावर आणायची आणि म्हणायचं, "झाली बंद." मी गार पडे, हे खरं. पण शेपटीत वीज तशीच खडी असे, भिंतीपासून थेट माझ्यापर्यंत. हे मला ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. यापरता मोठा छळ नाही, मित्रांनो.

मग घरात बॉबीन आली. चिंध्यांच्या गाठोड्यात मांजरीचं एक पिल्लू सापडलं. दोरा भरलेल्या बॉबीनसारखं गोल, म्हणून वन्संनी तेच नाव ठेवलं. "मला मांजरं आवडत नाहीत," असं त्या दिवसभर सांगत आणि आपल्या वाटीतलं दूध तिला पाजत. शिवणकाम करणाऱ्यांच्या घरी खेळणं कुठून येणार? उरलेल्या पांढऱ्या कापडाची नाडी शिवून वन्सं ती जमिनीवरून सरपटत नेत. बॉबीन दबा धरी, झडप घाली, दातांत पकडून नाडीला झिंजाडी. दोघी पोट धरधरून हसत.

पिल्लाचे दात शिवशिवू लागले तशी ती माझ्या शेपटीकडे वळली. टेबलाखाली बसून चावे. तिचे बारीक दात रबरात रुतले की मी आतून गारठून जाई. वन्संना ते व्रण दिसले.

"वहिनी, हे बघ. तुझ्या लाडकीने वायर कुरतडलीय."

"माझी कसली लाडकी? दूध कोण पाजतं?" वहिनीने वाकून पाहिलं. "वरवरचंच दिसतंय. थांबा, मी झबलं शिवते वायरीला. मग दात लागायचे नाहीत."

आणि तिने खरंच शिवलं. हातात सुई असली की माणसाला जगातली सगळी भोकं शिवून बुजवता येतील असं वाटतं. टेबलाच्या पायाशी गाठोडं होतंच. त्यातलं पांढरं कापड घेतलं, लांब पिशवी शिवली आणि माझ्या शेपटीवर चढवली. वन्संनी कौतुकाने हात फिरवला. मला मात्र धडकी भरली, कारण कापड तेच होतं, शिलाई तीच आणि रुंदीही जवळपास तीच. दोघींनी माया करून माझ्या वायरची नाडी करून टाकली होती! शिवाय जुने व्रण आत झाकले गेले होते, ते आता कुणाला दिसणार नव्हते.

शाळेच्या गणवेशांची घाई होती तेव्हाची गोष्ट. दुपारी जेवायला उठताना वन्संनी चकती शून्यावर आणली. बटणाकडे त्यांनी पाहिलंही नाही. खोलीत मी आणि बॉबीन. ती नाडी शोधत आली. टेबलावरून लोंबणारं झबलं तिला दिसलं. तिने दबा धरला. अगं नको, नको, असं मी माझ्या सगळ्या लोखंडानिशी म्हणत होते. तिने झडप घातली.

तडतड झाली. तिचं अंग ताठ झालं. सोडायचं म्हटलं तरी तिला सोडता येईना, वीज जबडा उघडू देत नाही. उष्ट्या, ओल्या हातांनी वहिनी धावत आली आणि तिला ओढायला वाकली.

"हात लावू नकोस!" वन्सं ओरडल्या. "तूही चिकटशील! मेन बंद करते!"

त्या दाराकडे धावल्या. मेन स्विच खट्कन खाली आला, पंखा मंदावला आणि बॉबीन जमिनीवर पडली. ती हलत नव्हती. तिच्या ओठाला जळल्याचा वास येत होता. मग तिच्या पोटाशी जराशी हालचाल दिसली आणि वहिनीने तिला गणवेशाच्या नव्या कापडात गुंडाळून बाहेर धाव घेतली.

दोघी परतल्या तेव्हा हात रिकामे होते. प्राण्यांच्या डॉक्टरांनी बॉबीनला ठेवून घेतलं होतं. तोंडाच्या जखमा भरतील, पण अशा झटक्यानंतर काही तासांनी फुप्फुसात पाणी साचू शकतं, श्वासावर लक्ष ठेवावं लागेल, असं ते म्हणाले होते. दोघी टेबलापाशी येऊन बसल्या.

"चकती तर मी शून्यावर आणली होती गं," वन्सं म्हणाल्या.

"आणि झबलं मी शिवलं होतं," वहिनी म्हणाली.

पण तिने चावली ती शेपटी माझीच होती. बॉबीन मेली असती तर मारणारी मीच ठरले असते. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला कुणी घडवलंच नसतं तर बरं झालं असतं.

बॉबीन वाचली. घरी आली ती ओठाचा एक कोपरा गमावून. दूध पिताना तिच्या तोंडातून थेंब गळतो आणि वन्सं जमीन पुसतात.

त्यानंतर वायरमन आला. बटण कपाटामागून काढून टेबलाच्या वर, हाताशी आणलं. यंत्राची वायर जाड पाइपात घातली. नाड्या डब्यात गेल्या आणि बॉबीनला चेंडू मिळाला. वायरमन मला बघून म्हणाला, "हिलाही नवी वायर टाकून देतो, वर्षानुवर्षं चालेल." वहिनी म्हणाली, "नको. कापाच ती." शेपटी तुटली तेव्हा माझं तापणंच संपलं, याचं मला खूप दुःख झालं. आता नवी हलकी इस्त्री आली आहे, आणि मी बेतलेलं कापड उडू नये म्हणून त्यावर बसते.

मित्रांनो, तुमच्या घरात मांजर असेल तर माझं एवढं ऐका. वस्तू गार झाली म्हणजे वायर निजली असं समजू नका. भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा, वायर गुंडाळून वर ठेवा. कुरतडलेली वायर झाकू नका, बदला. आणि मांजराला झटका बसलाच, तर आधी वीज तोडा, मगच त्याला हात लावा, आणि ते उठून चालू लागलं तरी डॉक्टरांकडे न्या.

दुपारी कापडावर ऊन येतं तेव्हा बॉबीन माझ्या अंगाला पाठ लावून झोपते. तिचा श्वास जरा लांबला तरी माझ्या काळजात धस्स होतं. मग तिचं पोट पुन्हा वर येतं, मला टेकतं, आणि मी पुढच्या श्वासाची वाट बघू लागते.