विंचवाच्या पाठीवरचा झरोका

“हे सीलंटच टाकाऊ आहे. रेघ सरळ येईल तर शपथ!”

ही माझ्या मालकाची कुरकुर माझ्या कडेपासून बोटभर अंतरावर झाली, त्यामुळे मला ती श्वासासकट ऐकू आली. मित्रांनो, त्या वेळी मी गॅरेजमधल्या टेबलावर, एका विटक्या टॉवेलवर पालथा पडलो होतो. पालथं पडून कोणी स्वतःची ओळख करून देत नाही, पण माझा नाइलाज आहे. मी एक जुना झरोका आहे. मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, छताला हवा-उजेडासाठी चौकोनी भोक असतं ना, त्यात बसवलेली प्लॅस्टिकची चौकट आणि तिच्यावरचं उघडमिट होणारं धुरकट झाकण, म्हणजे मी. वय वर्षं बावीस. झरोक्यांमध्ये हे आजोबांचं वय.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काचेसारखा लख्ख होतो. मला एका गाडीच्या छतात बसवलं, चौदा स्क्रू पिळले आणि कडेनं फटी बुजवणारं पांढरं सीलंट भरलं. माझं काम सोपं होतं. आतली कोंदट हवा बाहेर सोडायची, बाहेरचं आभाळ आत दाखवायचं, पाणी मात्र आत येऊ द्यायचं नाही. पहिली बारा वर्षं मी एका निवृत्त शिक्षक जोडप्याकडे होतो. मग त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि आमची गाडी क्वेकर्स हिल उपनगरात दत्तप्रसादच्या दारात येऊन उभी राहिली.

दत्तप्रसाद दातांचा डॉक्टर. मूळचा पुण्याचा, दवाखाना शेजारच्या ब्लॅकटाउनला. त्याची बायको सुनेत्रा त्याच दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसून अपॉइंटमेंटा सांभाळते. सुनेत्रानंच गाडीचं नाव ‘विंचू’ ठेवलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणून. त्यांची लेक चारुता तेव्हा अकरा वर्षांची होती. वरच्या बर्थवर उताणी पडून ती माझ्यातून पांढरे काकाटू पोपट मोजायची. त्यातला एक दुष्ट काकाटू माझ्या कडेचं रबर चघळायला यायचा. त्याला ती इंग्रजीतून शिव्या द्यायची आणि सुनेत्रा तिला मराठीतून.

किती फिरलो आम्ही! खडबडीत मातीच्या रस्त्यांवर गाडी हाडं खिळखिळी होईस्तोवर हलायची. चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात मी फुगायचो, पहाटे आक्रसायचो. तेव्हा कळलं, की माझ्या कडेला जे काही लावलेलं असतं त्याला माझ्याबरोबर ताणता आणि दबता आलं पाहिजे. नुसतं घट्ट धरून भागत नाही. सकाळी फोडणीचा खकाणा माझ्यातून बाहेर पडायचा, तेव्हा शेजारच्या तंबूतले लोक मान वर करून हुंगायचे. “हा झरोका नसता तर आपण तिघं कढीपत्त्यासारखे तडतडलो असतो,” असं दत्तप्रसाद म्हणायचा. ते माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक.

मग चारुता ॲडलेडला, मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत शिकायला गेली. तीन वर्षं विंचू ड्राइव्हवेवर उभा राहिला. माझ्यावर निलगिरीची पानं कुजली, कडेचं सीलंट वाळलं, चिरलं, आणि एका पावसात मी हरलो. पण पाणी माझ्याखाली टपकलं नाही. ते छताच्या आतून सरपटत गेलं आणि हातभर लांब, सुनेत्राच्या बर्थच्या वर, चहाच्या रंगाचा डाग उमटला. सगळे तिथेच शोधत बसले. शेवटी माझ्यावर संशय आला तेव्हा दत्तप्रसादनं बाथरूमचं सिलिकॉन आणून वरून फासलं. व्हिनेगरसारखा आंबट वास आठवडाभर गेला नाही. पुढच्या वर्षी त्यावर दुसरा थर, त्यापुढच्या वर्षी तिसरा. जुनं न काढता वरून नवं लावायचं, ही आपल्या माणसांची जुनी खोड. सिलिकॉनवर तर दुसरं काहीच धड चिकटत नाही. मी लोण्याच्या गोळ्यासारखा दिसायला लागलो आणि गळायचा काही थांबलो नाही.

यंदा डिसेंबरात चारुताला पदवी मिळायची आहे. “आपण विमानानं जायचं नाही, विंचवातून जायचं,” असं दत्तप्रसादनं ठरवलं, आणि मला मुळापासून काढून नीट बसवायचा बेत केला. छतावरच्या भोकावर ताडपत्री बांधली. मला टेबलावर घेतलं, आणि दातांवरचं कीटण काढायच्या हत्यारानं माझ्या कडेचं सिलिकॉन खरवडलं. तो गुणगुणत होता. खरवडण्याचं काम असं असतं, की हात थोडा इकडेतिकडे झाला तर कोणाला कळत नाही.

नंतर मात्र सीलंटची रेघ ओढायची होती. माझ्या पालथ्या कडेवरून, स्क्रूच्या भोकांना वळसा घालत, एकसारखी. कुठे बारीक झाली, कुठे तुटली, की पाण्याला तेवढी वाट पुरते.

पहिल्या शनिवारी त्यानं पॉलियुरेथेनचं सीलंट आणलं. एकदा चिकटलं की जन्माची गाठ, असं ते. त्यानं डाव्या हाताचा पंजा माझ्यावर टेकवला, उजव्यात सीलंट दाबून काढायची गन धरली, आणि रेघ सुरू झाली. मित्रांनो, मी खरं सांगतो, कारण ते माझ्या अंगावर घडलं. सीलंटचं नळकांडं माझ्या कडेवर टकटक, टकटक वाजत होतं. रेघ नागमोडी उतरली.

“फार घट्ट आहे हे,” दत्तप्रसाद म्हणाला आणि ओलं असतानाच त्यानं ते पुसून टाकलं.

“घट्टच आहे,” सुनेत्रा लगेच म्हणाली. “गन दाबताना जोर किती लागतोय बघ ना. कोणाचाही हात...” आणि ती चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या शनिवारी हायब्रिड सीलंट आलं. उन्हाला टिकणारं, लवचीक, माझ्या प्लॅस्टिकला तडे न पाडणारं. माझ्यासाठी तेच योग्य होतं, हे चंद्रहासनं तीन संध्याकाळी इंटरनेटवर वाचून शोधलं होतं. चंद्रहास म्हणजे दोन घरं सोडून राहणारा त्यांचा मित्र, दत्तप्रसादचा कॉलेजपासूनचा. आयटीत आहे आणि प्रत्येक विषयात आहे.

“हे बघ दत्त्या, टेप लाव दोन्ही बाजूंनी. मग रेघ वाकडी येणारच नाही. नो वरीज!”

टेप लावली. रेघ टेपवर चढली.

“पातळ आहे रे,” दत्तप्रसाद म्हणाला आणि त्यानं तेही पुसून टाकलं.

“पातळच. मेट, त्या दुकानदारानं जुना माल खपवला तुला.” चंद्रहास हे म्हणाला, पण त्याचं लक्ष सीलंटकडे नव्हतं. तो दत्तप्रसादच्या मनगटाकडे बघत होता आणि आपला उजवा गाल चोळत होता.

त्या गालात सगळी गोष्ट आहे. चंद्रहासची अक्कलदाढ आडवी आली होती आणि ती काढायची होती.

“अक्कलदाढेबरोबर अक्कल जाणार का रे?” त्यानं विचारलं होतं.

“तिथे होती कधी?” दत्तप्रसाद म्हणाला होता. “पण ती दाढ मीच काढणार. तीस वर्षं तुझं तोंड ऐकतोय, तेवढा हक्क आहे माझा.”

बाकीचे पेशंट हळूहळू कुठे जात होते, ते मला ठाऊक होतं. सुनेत्रा फोनवर बोलायला गॅरेजमध्ये यायची. “डॉक्टरांची पाठ धरलीय, तुमची रूट कॅनल डॉक्टर निनाद करतील, हो, हो, छान हात आहे त्यांचा.” निनाद म्हणजे दवाखान्यातला धाकटा डॉक्टर. मार्चपासून सगळं बारीक काम तिनं असं एकेक करून त्याच्याकडे वळवलं होतं. दत्तप्रसादची पाठ ठणठणीत होती. तोही पाठीबद्दल काही विचारत नव्हता. फक्त चंद्रहासच्या दाढेवर तो हटून बसला होता. ती एक दाढ नीट निघाली, की जणू सगळं नीट असणार होतं.

आणि चंद्रहास? त्यानं दोन सोमवार टाळले. एकदा ऑफिसात ऑडिट, एकदा गाडीची सर्व्हिस. दुसऱ्याकडे जावं तर मित्राला का ते सांगावं लागेल. म्हणून तो दुखणं गालात धरून बसला.

तिसऱ्या शनिवारी करड्या रंगाचं हायब्रिड आलं, कारण पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही असं ठरलं होतं. दिसलं. नको इतकं स्पष्ट दिसलं. सुनेत्रानं व्हिडिओ कॉल लावून चारुताला दाखवलं.

“इट लुक्स फाइन, बाबा! वरती कोण बघणार आहे? द काकाटूज?” चारुता हसली. मग सुनेत्रा फोन घेऊन कोपऱ्यात गेली, तेव्हा ती हळूच म्हणाली, “आई, बाबांचं...”

“सीलंटच बदलतोय तो,” सुनेत्रा म्हणाली. “तू जेवलीस का?” इकडे तिसरी रेघही पुसली गेली.

मला तोंड नाही, मित्रांनो. असतं तरी काय सांगितलं असतं? सीलंट चांगलं आहे, तिन्ही चांगली होती. ह्या माणसानं तीस वर्षं लोकांच्या दाढांत मोहरीएवढी पोकळी भरली आहे. त्याला रेघ येत नाही असं म्हणणं माझ्याच्यानं झालं नसतं.

रविवारी सकाळी सुनेत्रा एकटीच कॅरॅव्हॅनच्या दुकानात जाऊन आली. तिनं टेबलावर एक गुंडाळी ठेवली. कागदावर गुंडाळलेली, बोटभर रुंद, मऊ, चिकट, करडी पट्टी.

“ही ब्युटाइल टेप. कडेला नुसती चिकटवायची आणि वरून स्क्रू पिळायचे. जास्तीचं बाहेर येतं ते कापून टाकायचं. ही वाळत नाही, मऊच राहते. पुढेमागे काढावी लागली तर निघते पण.”

दत्तप्रसादनं पट्टी अंगठ्यानं दाबत दाबत माझ्या चारी कडांना लावली. अंगठा थरथरत होता, पण पट्टीला त्याचं काही नव्हतं. ती दाबली तशी बसली. वीस मिनिटांत काम झालं.

“काय सुरेख लावलीस!” सुनेत्रा जरा मोठ्यांदाच म्हणाली.

“ही तुला कोणी सुचवली?”

“दुकानातल्या बाईनं.”

“तू काय विचारलंस तिला?”

सुनेत्रा कागदाचे तुकडे गोळा करत राहिली. “विचारलं, रेघ ओढावी न लागणारं काही आहे का.”

माझी कड त्याच्या पंजाखाली होती. तो पंजा कितीतरी वेळ तिथेच राहिला.

दुपारी मला छतावर नेलं. सुनेत्रानं शिडी धरली, चंद्रहासनं खालून चौकट धरली, चौदाही स्क्रू दत्तप्रसादनं पिळले. कोपऱ्याकोपऱ्यांतून करडी पट्टी ओठ काढून बाहेर आली, ती त्यानं कापली. मग खोबणीत वरून एक पातळ सीलंट ओतलं. हेही सुनेत्रानंच आणलेलं, आपोआप पसरून सपाट होणारं. पाइपानं पाणी मारलं. एक थेंब आत गेला नाही. किती वर्षांनी माझं झाकण उघडलं, आणि खाली तिघं चहाला बसली.

मित्रांनो, माझं आत्मवृत्त इथवरच. तुमच्या घरी, गाडीत, कुठेही माझा एखादा भाऊबंद गळत असेल, तर डाग दिसतो तिथेच बघत बसू नका. पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडे. वरून थर लावू नका. आधीचं खरवडून काढा, मग तो भाग स्वच्छ पुसून कोरडा करा, आणि काय लावायचं ते त्यानंतर ठरवा. खरवडायला वेळ लागतो, नखं दुखतात. तरी खरवडा. आम्ही वस्तू फार काही मागत नाही. वेळेवर बघा, एवढंच. आणि एकमेकांकडेही बघा, ते तर आमच्याकडे बघण्यापेक्षा सोपं असावं. माझ्याखाली बसलेल्या तिघांना ते तीन आठवडे जमलं नव्हतं.

चंद्रहास चहा तोंडाच्या डाव्या बाजूनं पीत होता. उजवा गाल लिंबाएवढा सुजला होता.

“उद्याचं जरा पुढे ढकलू या का रे?” तो म्हणाला. “साडेनऊला मीटिंग लागलीय. आणि तशी आता दुखत पण नाही.”

“तोंड उघड.”

“अरे, चहा पितोय...”

“चंदू, तोंड उघड.”

दत्तप्रसादनं त्याची हनुवटी धरून मान वर केली. माझ्यातून उजेड सरळ चंद्रहासच्या तोंडात पडला. दत्तप्रसादनं आत बघितलं, बराच वेळ. मग हनुवटी सोडली.

“पू झालाय. किती दिवस झोपला नाहीस?”

चंद्रहासनं सुनेत्राकडे बघितलं. सुनेत्रानं कपात.

“चार,” तो म्हणाला.

“गोळ्या आज लिहून देतो. उद्या साडेनऊला निनाद काढेल. मी शेजारी उभा राहीन.” दत्तप्रसादनं आपला कप बशीत ठेवला. कप बशीवर किणकिणत राहिला आणि त्यानं दुसऱ्या हातानं तो थांबवला नाही. तिघंही ते ऐकत होती. “सुनेत्रा, माझ्यासाठी पण एखाद्या न्यूरॉलॉजिस्टची वेळ घे. सीलंटचं काही चुकलेलं नाही. माझा हात थरथरतो.”