माझ्या तोंडावरचा खोटा आकडा

मी एक जुनी, विजेवर चालणारी भट्टी आहे. मातीची भांडी आणि मूर्ती माझ्या पोटात भाजतात. मित्रांनो, माझी गोष्ट अभिमानाने सांगावी अशी नाही. ती सांगताना मान खाली जाते, आणि भट्टीला मान नसते हेच बरं, असं मला पुष्कळदा वाटतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. कारागिरांनी पांढऱ्या, हलक्या विटा रचून माझं पोट तयार केलं, विटांच्या खाचांत तारेची वेटोळी बसवली आणि बाहेरून पत्रा चढवला. तोंडावर आकडे दाखवणारी काच लावली. पाठीतून बोटाएवढी एक सळई आत खुपसली. आत किती तापलं आहे हे ती सळई ओळखते आणि काचेवर तसा आकडा उमटतो. ही सळई दर वर्षी तपासावी, झिजली की बदलावी, असं माझ्या माहितीपुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलं होतं.

मला एका कलाकेंद्रात आणलं. पूर्वी तिथे कपडे धुण्याचा कारखाना होता. देशोदेशीचे कलाकार तिथे तीन-तीन महिने राहायला येतात. प्रत्येकाला झोपायला खोली, कामाला स्टुडिओ आणि जेवायला सगळ्यांचं मिळून एक लांब टेबल. घरचा व्याप मागे ठेवून आलेली ही माणसं पहिले चार दिवस बिचकत वावरतात आणि मग एकमेकांची कात्री, ब्रश, स्वेटरसुद्धा हक्काने वापरू लागतात. शेवटी सगळ्यांचं मिळून प्रदर्शन भरतं.

तिथे माझं फार कौतुक झालं. माझा ताप सगळीकडे सारखा पसरतो म्हणून कुंभारकाम करणारे माझ्या झाकणावर थोपटायचे. व्यवस्थापक बाई नव्या पाहुण्यांना आधी मला दाखवायच्या. "हिनं वीस वर्षांत कुणाला फसवलं नाही," त्या म्हणायच्या. ते ऐकून मी फुलून जायचे. त्या फुलण्यात मी एक गोष्ट विसरले. माझी सळई तपासायला कुणी आलंच नव्हतं. "व्यवस्थित चालतेय ना? मग कशाला हात लावायचा?" असं म्हणत बाईंनी ते काम दर वर्षी पुढे ढकललं. हळूहळू सळई थकली आणि आत जेवढं तापलं असेल त्यापेक्षा कमी आकडा दाखवू लागली. कुणाच्या भांड्यावरची काचेसारखी झिलई ओघळायची, कुणाचा कप वाकडा व्हायचा. ज्याचं बिघडे तो स्वतःलाच दोष द्यायचा. मला ते सोयीचं वाटलं, हे आज कबूल करते.

मग मास्तर आले. शाळेतून चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बासष्ट वर्षांचे. अर्ज त्यांच्या लेकीने परस्पर भरला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या कामासाठी एक अख्खी खोली मिळाली होती. पहिल्या दिवशी ते तिच्या मधोमध नुसते उभे राहिले. नंतर ते मातीचे मुठीएवढे चेहरे घडवू लागले. शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारी त्यांच्या वर्गातली मुलं, एकेक आठवून. चष्मा मात्र ते रोज कुठेतरी विसरायचे आणि टेबलावर त्यावरून त्यांची थट्टा व्हायची.

त्यांच्या शेजारच्या स्टुडिओत एक बाई उंच मानेच्या सुरया घडवायची. सगळे तिला सुरईवाली म्हणायचे. चार वर्षांची लेक नणंदेकडे ठेवून ती आली होती. एका सुरईला तिला आठवडा लागायचा. मला चालवायला मास्तरांना तिनेच शिकवलं. तिच्या अकरा सुरया आणि मास्तरांचे तीस चेहरे यांची शेवटची, मोठ्या आचेची भाजणी एकत्रच करायची ठरली.

त्या सकाळी सुरईवालीच्या नणंदेचा फोन आला. लेक तापाने फणफणली होती. "मास्तर, तुम्ही सुरू कराल? बाराशेवर ठेवा," असं सांगून ती खोलीकडे धावली. मास्तरांनी चष्मा पुसला, बाराशेचा आकडा लावला, दोनदा वाचला आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसले.

दुपारी त्यांनी बघायच्या भोकातून आत डोकावलं. भिंतीवर तापमानाप्रमाणे रंगांचा तक्ता होता. त्यांनी एकदा तक्ता पाहिला, एकदा मला. मग ते व्यवस्थापक बाईंना बोलावून घेऊन आले.

"आकडा अकराशे चाळीस आहे. तक्त्यात त्याला नारिंगी दिलंय. आत तर पिवळट पांढरं दिसतंय," ते म्हणाले. "बंद करूया का?"

बाईंनी भोकाकडे पाहिलंही नाही. काचेवर बोट ठेवलं. "मास्तर, इथे स्वच्छ लिहिलंय. भट्टी कशाला खोटं बोलेल?"

मी खोटं बोलत होते. आत बाराशेच्या वर गेलं होतं आणि माझ्या तोंडावर अकराशे चाळीस होते. मास्तर थोडा वेळ घुटमळले आणि परत स्टुलावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. सुरयांच्या माना गळून एकमेकींवर पडल्या होत्या. झिलई वाहून खालच्या भाजक्या मातीच्या फळीला चिकटली होती. चेहऱ्यांची नाकं, ओठ विरघळले होते. सुरईवालीने एक सुरई उचलायला हात घातला, तर ती फळीसकट हलली.

जेवणाच्या टेबलावर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्हाला आकडे दिसत नव्हते, तर तसं सांगायचं होतं मला."

"मी बाराशेच ठेवले होते," मास्तर म्हणाले. मग थांबून, हळूच, "मला तरी तसंच वाटतंय."

आतला रंग जास्तच पांढरा वाटला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही. त्यानंतर मास्तरांना कुणी आपली कात्री दिली नाही की त्यांच्या चष्म्याची थट्टा केली नाही. संध्याकाळी बाईंनी माझ्याच पत्र्यावर एक कागद चिकटवला. 'मास्तरांनी भट्टीला हात लावू नये.' मास्तर तो वाचत उभे राहिले. कागदाचा एक कोपरा सुटला होता. तो त्यांनी अंगठ्याने नीट दाबून बसवला आणि निघून गेले. प्रदर्शनाला दोन आठवडे असताना ते घरी परतले.

सुरईवालीने घाईघाईने दोन नव्या सुरया केल्या. या खेपेला आकडा तिने स्वतः लावला आणि खात्री म्हणून त्याचा फोटोही काढून ठेवला. झाकण उघडलं तेव्हा त्याही गळून पडल्या होत्या. ती खाली फरशीवरच बसली.

दुरुस्तीवाला आला. त्याने सळई ओढून काढली आणि आपल्या यंत्राला लावली. "ही ऐंशी अंश कमी दाखवतेय. कधी बदलली होती?"

बाईंनी माझ्या माहितीपुस्तकाचं पहिलं पान उघडलं.

"म्हणजे बाराशे लावले तर आत..." सुरईवालीने विचारलं.

"बाराशे ऐंशी. कुणीही लावले असते तरी."

बाईंचा चेहरा उतरला. "मास्तर मला सांगायला आले होते," त्या म्हणाल्या. "आत फार पांढरं दिसतंय म्हणाले. मी बघितलंसुद्धा नाही."

सुरईवालीने माझ्यावरचा कागद फाडून काढला आणि तिथेच उभ्या उभ्या मास्तरांना फोन लावला. त्यांच्या लेकीने उचलला. आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"बाबा बरे आहेत," लेक म्हणाली. "म्हणजे तसे गप्पच असतात. दोनदा डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. पण ते आता गॅससुद्धा पेटवत नाहीत. म्हणतात, माझा भरवसा नको."

सुरईवालीने मास्तरांना फोनवर बोलवायला सांगितलं. मास्तर फोनवर आले तेव्हा तिने भराभर सगळं सांगितलं. सळई, ऐंशी अंश, फोटो. "मी सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले, मास्तर. माझं चुकलं. आज टेबलावर सगळ्यांसमोर तेही सांगणार आहे."

मास्तरांनी एवढंच विचारलं,

"म्हणजे मी बाराशेच ठेवले होते?"

"हो."

"नक्की?"

"नक्की, मास्तर."

"बरं," ते म्हणाले. मग फोन बाजूला धरून लेकीला म्हणाले, "सरक जरा. चहा मी टाकतो."

प्रदर्शन त्यांच्याविनाच झालं. बाईंनी पुढच्या वर्षीचं आमंत्रण पाठवलं, पण एवढा प्रवास आता पुन्हा झेपणार नाही, असं त्यांनी कळवलं. चेहरे मात्र ते घरी पुन्हा घडवताहेत, असं सुरईवालीकडून कळलं. मला नवी सळई बसली आणि माझा आकडा आता खरा आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे जे यंत्र असेल, त्याच्या नावलौकिकावर जाऊ नका. ते वेळच्या वेळी तपासा. आणि कुणी माणूस येऊन म्हणाला की मला काहीतरी वेगळं दिसतंय, तर आधी त्याच्याबरोबर जाऊन बघा. माझ्यासमोर एका भल्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला आणि मी आकडा झळकवत उभी राहिले. सुरईवालीला माफी मागता आली, बाईंनाही नंतर पत्रातून मागता आली. मला बोलता येत नाही. मला फक्त तापता येतं. म्हणून आता कुणी माझं कौतुक करू लागलं की मनातल्या मनात मी एवढंच म्हणते, आधी माझी सळई काढून बघा.