बेडूकखाऊ

आपल्या नवऱ्याचा कणा लग्नाआधीच कुठेतरी गहाळ झाला असावा, असं ती धरूनच चालली होती. साहेब शिंकले तरी हा वा वा करायचा.

"आज साहेब भर मीटिंगमध्ये मला टोडी म्हणाले," बूट काढता काढता तो म्हणाला. "जुना इंग्रजी शब्द आहे म्हणे. अर्थ काय गं?"

ती शाळेत इंग्रजी शिकवायची. "लाळघोट्या," भाजी चिरता चिरता तिने सांगितलं. तरी त्याचा चेहरा पडेना, म्हणून ती शब्दाच्या मुळाशीच गेली. "पूर्वी तिकडे भोंदू वैद्य बाजारात औषधं विकायचे. त्यांचा नोकर लोकांसमोर टोड खायचा, म्हणजे विषारी समजला जाणारा बेडूक. निदान खाल्ल्याचं सोंग तरी करायचा. मग मालक औषध पाजून त्याला वाचवायचा आणि बाटल्या खपायच्या. त्या बेडूकखाऊवरून टोडी."

त्याने दुसरा बूट सावकाश काढला. आता तरी लाज वाटली असेल, म्हणून तिने सुरी खाली ठेवली.

"म्हणजे सगळा धंदा त्या नोकराच्याच जिवावर चालायचा," तो हळूहळू म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. "साहेबांना माझी किंमत आहे तर."

आणि आभार मानायला त्याने साहेबांना फोन लावला.