उसनी ऊब

सकाळी दहा वाजता मोजणीवाल्या बाईंनी यंत्र उघडलं आणि घर पास झालं.

"म्हणजे आमच्या भिंती दुरुस्त होणार नाहीत," सून म्हणाली. तिच्या कडेवरच्या बाळाची छाती घरघरत होती.

बाईंनी मान हलवली. नियम साधा होता. आठवडाभर घरातलं आणि बाहेरचं तापमान नोंदवायचं, मीटरवर वीज किती गेली ते पाहायचं. थोड्या विजेत घर गरम राहिलं, तर भिंती ऊब धरतात. नाही राहिलं, तर सरकारी कार्यालय त्यांना आतून जाड थर चढवून देतं. उद्या यादी बंद होणार होती.

"ऊब धरतात? या, लावा हात." सुनेनं त्यांना मागच्या खोलीत नेलं.

भिंत ओली होती, गार दगडासारखी.

बाईंनी नोंदी पुन्हा चाळल्या. रोज रात्री केव्हातरी, मीटर न हलता, घर तापलं होतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. खिडकीच्या फटीत फडकं कोंबलं होतं. त्याखालून एक वायर शेजारच्या घरातून येत होती आणि खाटेखाली जात होती. तिथे हीटर होता.

"हा कुणाचा?"

खाटेवर बसलेल्या सासूबाईंनी पदर सावरला. "शेजारणीचा. परकं माणूस यंत्रं लावून घर तपासणार, आणि आमचं घर गारठलेलं दिसणार? अब्रू आहे की नाही?"

"आई! आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात."

"आणि बाळ खोकत होतं, ते कुणी बघायचं? तू रात्रपाळीला."

सुनेनं बाळाची पाठ चोळली.

बाईंनी कार्यालयातल्या साहेबांना फोन लावून हीटरचं सांगितलं. साहेब म्हणाले, मोजणी रद्द, घर यंदाच्या यादीतून बाहेर. "एकदा आजींचं ऐका," म्हणत बाईंनी फोन सासूबाईंपुढे धरला.

"आजी, हीटर किती तास लावायचात?" साहेबांचा आवाज.

"बाळ खोकलं की लावायचे, थांबलं की बंद."

"पण तास किती?"

"खोकल्याला घड्याळ असतं का, साहेब?"

"तास नोंदीत दिसतायत," बाई मध्येच म्हणाल्या. "तिसऱ्या रात्री तर पहाटेपर्यंत."

"त्या रात्री बाळाला छातीवर घेऊन बसले होते," सासूबाई म्हणाल्या.

मग साहेब म्हणाले, "आज एक रात्र उसन्या हीटरशिवाय मोजा. आकडे सकाळी पाठवा. मंजूर होईल असं मी म्हणत नाही."

सासूबाईंनी वायर गुंडाळली आणि हीटर खिडकीतून परत दिला.

"अहो, रात्रीपुरता तरी राहू द्या," शेजारीण म्हणाली.

"नको गं बाई. तुझ्या उपकारानं आम्ही पास होतो."

सुनेनं रजा टाकली. घरातला स्वतःचा एकमेव जुना हीटर खाटेपाशी आणला. संध्याकाळी निघताना बाईंनी मीटरचा आकडा टिपला, तेव्हा सासूबाई बाळ आणि भिंत यांच्या मधे बसल्या होत्या, भिंतीला पाठ लावून.

"माझ्या अंगाची ऊब चालते ना? का तीही उसनी?"

"ती हिशेबात धरलेली असते, आजी."

रात्री नऊ वाजता, हीटर चालू आणि मीटर पळत असूनही, घरात बारा अंश होते, बाहेर शून्याच्या खाली. बाळ अजून खोकलं नव्हतं.